हे जरा धर

केळशीच्या घरी मे महिन्यात माणसं किती जमतात ते विचारू नका, यंदा मोजून चौदा होतो, त्यात दोन तान्ही, आणि अशा भरल्या घरात सकाळी साडेसहाला आईची माजघरातून हाक आली, "नळाला पाणी नाही रे!" टाकी रात्रीच आटलेली. मी जाऊन स्विच दाबला, पंप घूं घूं करायला लागला, पाईपमधून एक फुर्रर्र झालं आणि पाणी म्हणाल तर चूळ भरण्यापुरतंसुद्धा नाही.

पडवीत खुर्चीवर बसल्या बसल्या बाबांनी निदान केलं. "हवा धरलीन त्याने. फूटव्हॉल्व्ह गळतोय."

पंपवाल्याला फोन लावला तर तो लग्नाच्या वऱ्हाडात, मागे बँजो वाजतोय, परवा बघतो म्हणाला. बाबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, विहिरीच्या पायऱ्या डॉक्टरने बंद केल्यात. राहता राहिलो मी.

आता इथे एक गोष्ट कबूल करायला हवी. आदल्याच रात्री आमरसाची वाटी हातात घेऊन मी सगळ्या पोरांना भाषण ठोकलं होतं, की तुमच्या पिढीला साधी फ्यूजची तार घालता येत नाही, नळाचा वॉशर बदलता येत नाही, सायकलचं पंक्चर काढता येत नाही, आम्ही तुमच्या वयाचे असताना वगैरे वगैरे. पोरं बिचारी मान खाली घालून आमरस ओरपत होती. आणि आता सकाळी तीच सगळी, दात घासायचे ब्रश हातात घेऊन, विहिरीच्या कठड्याला ओळीने उभी.

खरं सांगायचं तर आम्ही त्यांच्या वयाचे असताना काय करत होतो? धरत होतो. बाबा कौलं परतायला छपरावर चढले की मी खाली शिडी धरून. बाबा फ्यूज बघतायत, मी बॅटरी धरून. बाबा सुतळी वळतायत, दुसरं टोक मी धरून. "हे जरा धर" यापलीकडे माझं शिक्षण गेलंच नाही. त्यातही कौतुक नाही, "उजेड कुठे पाडतोयस गाढवा, भुतं बघायचीत काय तिकडे" असा मार्गदर्शनपर मजकूर, आणि चुकून मी पाना हातात घेतला तर "ठेव तो, आटे घालवशील." बाबांकडे बिस्किटाचा एक पत्र्याचा डबा आहे, त्यात वाकडे खिळे. दुपारची झोप झाली की चिऱ्याच्या पायरीवर बसून एकेक खिळा आडवा धरून हातोडीने टुक टुक करत सरळ करायचे आणि परत डब्यात टाकायचे. त्या डब्याला हात लावायची परवानगी मला अजून मिळालेली नाही.

शाळेने तरी शिकवावं ना. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी मांडलं होतं की मुलांचं सगळं शिक्षण हाताच्या एखाद्या उद्योगातून व्हावं. ती कल्पना आमच्या वर्गापर्यंत येईतो कार्यानुभवाचा तास झाली होती, आणि त्यात मी तीन वर्षं आईस्क्रीमच्या काड्यांचं घर केलं. एकच घर. दरवर्षी नवा रंग देऊन.

तर पंप. आमची विहीर खोल, मे महिन्यात पाणी पार तळाला जातं, म्हणून पंप वर नाही, आत दहाबारा पायऱ्या उतरून चिऱ्यात खोदलेल्या कोनाड्यात बसवलाय. कारण पंप काही पाणी ओढत नसतो, त्यातला पंखा पाणी बाहेर फेकतो आणि मागे दाब कमी झाला की बाहेरची हवा विहिरीतलं पाणी वर ढकलते, आणि हवेचा हा जोर हिशेबाने १० मीटरच्या आसपास संपतो, प्रत्यक्षात ७-८ मीटरलाच दम निघतो. आणि आत पाणी भरलेलं नसेल तर पंखा नुसता हवेत गरगरतो, म्हणून आधी पंप पाण्याने भरायचा. हे सगळं मला पाठ होतं, बारावीला फिजिक्सला चांगले मार्क होते. भरायचं ते बूच कुठल्या बाजूला फिरवायचं एवढंच सिलॅबसमध्ये नव्हतं.

चिरंजीव (वय सतरा) मोबाईलची बॅटरी धरून माझ्या मागे. बाबा तोवर काठी टेकत कठड्यापर्यंत आलेच. "बारा-तेराचा पाना घे!" मी घेतला, बसेना. "अरे तो दहा-अकरा!" मग बारा-तेरा घेतला, बूच कसंबसं उघडलं, कळशीने पाणी ओतत बसलो. एक कळशी, दोन, चार. ओततोय तेवढं खालून परत विहिरीत. म्हणजे बाबांचं निदान बरोबर, तळाचा व्हॉल्व्ह गळत होता.

"शेणकाला घालावा लागणार," वरून हुकूम.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, पाण्यात कालवलेलं शेण पाईपात सोडलं की त्यातला चोथा व्हॉल्व्हच्या फटीत जाऊन बसतो आणि गळती तात्पुरती थांबते. सोपं आहे, फक्त शेण पाहिजे. आमच्या लहानपणी वाडीत शेण चुकवून चालावं लागायचं, आज अख्ख्या वाडीत गाय एक. गोवऱ्या ऑनलाईन मिळतात, चिरंजीवांनी दाखवल्या, छान पॅकिंगमध्ये, पण पंपाला ओलं लागतं. शेवटी वाडीच्या टोकाच्या घरी गेलो. तिथल्या आजींनी विचारलं, "सारवायला हवं काय रे?" म्हटलं, नाही, पंपाला. "मग आजचं ने, कालचं वाळलंय," म्हणाल्या आणि आईस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात भरून वर झाकण लावून दिलं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा कितीतरी दिवस लाईट नव्हती, पंप बंद, घरात पोहरा होता पण कप्पी नव्हती, कारण ती आम्हीच काढून शोभेला म्हणून अंगणात टांगून तिच्यात मनीप्लांट सोडला होता. तेव्हा याच आजींकडून पाणी आणलं होतं. परतफेड अजून बाकीच आहे, त्यात आता हे शेण.

शेणकाला कालवला, गाळला, ओतला. वरून पाणी भरलं. पाणी बुचाच्या तोंडाशी येऊन उभं राहिलं, खाली जाईना! विहिरीभोवती टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांच्या भरात बूच लावताना माझ्या शेणाच्या हातातून बारा-तेराचा पाना सटकला. एक टण्ण, मग डुबुक.

वर एकदम शांतता. तो पाना बाबांनी लग्नाआधी घेतलेला आहे.

चिरंजीव काही बोलला नाही, वर गेला, माळ्यावरच्या फुटक्या स्पीकरचं लोहचुंबक काढून आणलं, दोरीला बांधलं आणि पाचव्या-सहाव्या खेपेला पाना वर आणला. त्याला हे कुणी शिकवलं म्हणून विचारलं तर म्हणे, "गेल्या वर्षी आजोबांची चावी पडली होती ना." म्हणजे यांचं हे परस्पर चालू होतं तर.

"आता तू लाव रे बूच," कठड्यावरून आवाज आला. मी पुढे सरकलो. "तू नव्हे, तो."

पोराने पहिल्यांदा आट्यात तिरकंच घातलं. मी कान मिटून घेतले, आता आटे, आता गाढव, आता पिढ्यांचा उद्धार. तर वरून काय, "असू दे बाळा, होतं असं, काढ आणि परत सरळ घाल." सत्तेचाळीस वर्षांत हा सूर मी ऐकला नव्हता. हा माणूस मला माहीतच नाही.

बूच बसलं. आईने स्विच दाबला, पंप खोकला आणि पाईप थरथरला. पहिलं हिरवट पाणी माडाला सोडायचं असतं, ते सोडायला चिरंजीव वर जाताना मोबाईल माझ्या हातात देऊन गेला, "पप्पा, हे जरा धरा." बूच झिरपतंय का ते बघायला मी वाकलो.

"उजेड कुठे पाडतोयस गाढवा!" वरून आवाज आला.