युंगफ्राउयोखपर्यंत पास चालत नाही

‘स्विस ट्रॅव्हल पास काढला की युंगफ्राउयोखपर्यंत सगळं फुकट’ असा मेसेज सध्या फिरतोय. हा पास म्हणजे पर्यटकांसाठीचं स्वित्झर्लंडभर रेल्वे-बस प्रवासाचं एकच तिकीट, आणि युंगफ्राउयोख म्हणजे आल्प्समधलं उंचावरचं रेल्वे स्टेशन. मेसेज चुकीचा आहे. पासवर लाउटरब्रुनेन गावाहून वरच्या वेंगेन गावापर्यंत जाता येतं, ग्रिंडेलवाल्ड गावालाही. तिथून पुढे युंगफ्राउयोखच्या ३४५४ मीटरवरच्या स्टेशनापर्यंत फक्त सवलत मिळते. तिकीट वेगळं काढावंच लागतं आणि सवलत धरूनही ते महागच पडतं. बजेट आखतानाच तो खर्च धरा.

त्याच मेसेजमधलं ‘जूनमध्ये सगळ्या पायवाटा मोकळ्या’ हेही खरं नाही. उंचावरच्या वाटांवर तेव्हा बर्फ असू शकतो. भरपूर चालायचं असेल तर जुलै-ऑगस्ट बरा. मेन्लिखेन ते क्लाइन शायडेक ही डोंगरातली पायवाट सोपी, समोर आयगर शिखर. वाटेवरच्या पिवळ्या पाट्यांवर दिलेल्या चालण्याच्या वेळेत विश्रांती धरलेली नसते. आजी-आजोबा सोबत असतील तर जास्त वेळ हाताशी ठेवा.