'सीलिंगचे लाइट काढू नका, टेप लावा': ही टीप कुठे फसते?

दिवाळी जवळ आली की घर रंगवण्याच्या टिपा या ग्रुपवरून त्या ग्रुपवर फिरू लागतात. त्यातली एक काही केल्या मरत नाही: 'फॉल्स सीलिंगमधले लाइट काढण्याच्या भानगडीत पडू नका. पीओपी फुटतं, शॉक बसू शकतो, वेळ जातो. कडेनं मास्किंग टेप लावा, झालं.' रंगाऱ्याच्याही हे सोयीचं असतं, त्यामुळे तोही मान डोलावतो.

'टेप लावली की झालं.' टेप सरळ आणि लाइट गोल, इथूनच गडबड सुरू होते. बारीक तुकडे जोडत जावं लागतं आणि प्रत्येक जोडातून रंग आत सरकतो. पण हे डाग ओल्या फडक्यानं निघतील एक वेळ. खरं नुकसान नंतर कळतं. रिम, म्हणजे लाइटची बाहेरची कड, जिथे सीलिंगला टेकते त्या फटीत रंग साचतो आणि वाळल्यावर त्याची सलग साल होते, अर्धी सीलिंगवर, अर्धी रिमवर. रंगारी जातो तेव्हा सगळं झकास दिसतं. पुढे कधीतरी ड्रायव्हर (लाइटला वीज पुरवणारी छोटी डबी) उडतो, इलेक्ट्रिशियन लाइट ओढतो आणि सालीबरोबर पुट्टीचा टवकाही खाली येतो. त्यात जुन्या मापाचा लाइट बाजारात मिळाला नाही आणि नव्याची रिम जराशी लहान निघाली, तर भोवती जुन्या रंगाचं कडं उघडं पडतं. त्या एका कड्यासाठी अख्खं सीलिंग पुन्हा रंगवायला काढायचं का, ते तुम्हीच ठरवा.

आणि घासाई? पुट्टीवर पॉलिश पेपर फिरला की पिठासारखी धूळ उडते, ती टेपला जुमानत नाही. लाइटच्या पाठीमागच्या पन्हळींत जाऊन बसते, तिथूनच तर त्याची उष्णता बाहेर पडायची असते. काही जण लाइटवर वर्तमानपत्र चिकटवतात आणि उजेड हवा म्हणून तोच लाइट चालू ठेवतात. हे तर अजिबात करू नका.

'काढताना पीओपी फुटतं.' फुटतं, स्क्रूड्रायव्हर घालून उचकटलं तर. हे लाइट स्क्रूवर नसतात. दोन बाजूंच्या दोन स्प्रिंगा सीलिंगच्या वरच्या अंगाला पाय टेकून त्याला धरून ठेवतात. आधीच्या रंगानं रिम चिकटली असेल तर कडेनं कटर हलकेच फिरवून ती साल कापा. मग दोन्ही हातांच्या बोटांनी रिम सरळ खाली ओढा, तिरकी नको. स्प्रिंग दिसायला लागली की ती बोटांनी वर दाबून धरा आणि मगच भोकाबाहेर घ्या. मोकळी सोडलीत तर ती फटकन खाली मिटते. बोट सापडलं तर डोळ्यांत पाणी येतं आणि भोकाची कडही तिथेच तुटते. पीओपी फुटल्याच्या तक्रारी मुख्यतः या फटक्याच्या असतात.

'शॉकचा धोका.' हा मुद्दा खरा आहे, पण त्यावरचा उपाय टेप नाही. नुसतं बटण बंद करून भागत नाही. वायरिंग उलटं झालेलं असेल तर बटण न्यूट्रल तोडतं आणि फेज, म्हणजे करंटची वायर, वर तशीच जिवंत राहते. मेन बोर्डवरचा त्या लाइनचा स्विच, म्हणजे एमसीबी, पाडा. घरात इन्व्हर्टर असेल तर तोही बंद करा, कारण दिव्यांची लाइन बऱ्याच घरांत त्याच्यावर असते आणि मेन पाडल्यावरही ती जिवंत राहते. मग टेस्टर लावून खात्री करा. लाइट आणि ड्रायव्हर यांच्यामध्ये सहसा छोटी पिन असते, ती ओढली की लाइट हातात येतो. वायरी पिळून इन्सुलेशन टेपनं गुंडाळलेल्या दिसल्या तर मात्र हात लावू नका, इलेक्ट्रिशियनला बोलवा. ड्रायव्हर वर आत ढकलून देऊ नका, नंतर हात घालून शोधत बसावं लागतं. आणि कुठला लाइट कुठला ते मागे पेन्सिलीनं लिहून ठेवा. पिन सगळ्यांना बसते, पण कमी वॉटचा लाइट जास्त वॉटच्या ड्रायव्हरला लागला तर जळू शकतो.

'वेळ जातो.' एक लाइट काढायला एखादं मिनिट. त्याच्याभोवती नीट टेप लावायला त्याहून जास्त.

एक पुरवणी टीपही फिरते, 'रिमसुद्धा सीलिंगच्याच रंगात रंगवून टाका'. गुळगुळीत प्लास्टिकवर किंवा पावडर कोटिंगवर भिंतीचा इमल्शन धरत नाही, नखानं सोलून येतो.

टेप चालते ती कुठे? फक्त भिंती रंगवणार असाल आणि सीलिंगला हातही लागणार नसेल, तर लाइट राहू द्या. बिनरिमचे, पुट्टीत बुजवलेले लाइट निघतच नाहीत, त्यांना झाकण्यावाचून इलाज नाही. बाकी सगळीकडे लाइट काढा, भोकात कागदाचा बोळा घाला म्हणजे रोलरचे शिंतोडे वर उडणार नाहीत, आणि भोकाची कड खचली असेल तर आत्ताच पुट्टीनं भरून घ्या. फक्त भोक लहान करून ठेवू नका, नाहीतर लाइट परत बसायचा नाही. शेवटचा हात मारल्यावर रात्रभर थांबा आणि सकाळी लाइट चढवा. ओल्या रंगावर रिम टेकली की पुन्हा तीच साल तयार होते.