शुक्रवारची भिंत मोडू नका

डिझाइन कंपनी वाढली की कामाची मूल्यं लिहून प्रत्येक नव्या माणसाच्या हाती द्यावीत, हे एका लेखात वाचलेलं म्हणणं मला पटलं नाही. आम्ही बडोद्यात, अलकापुरीत काम करतो. दर शुक्रवारी सगळ्यांची अर्धवट कामं भिंतीवर लागायची. सगळ्यात नवी मुलगी आधी बोलायची, मालक शेवटी. माणसं वाढली तशी ही बैठक फक्त टीम लीडपुरती उरली, आणि बाकीचे काम पूर्ण होईपर्यंत लपवू लागले. इथल्या सयाजीराव विद्यापीठाच्या फाइन आर्ट्स या कलाशाखेला १९५०पासून ना. श्री. बेंद्र्यांसारखे कसलेले चित्रकार शिकवायला लाभले. वळण लागतं ते लिहिलेली मूल्यं वाचून नव्हे, अशा माणसांच्या शेजारी बसून (आमचे निम्मे लोक तिथलेच). जागा अपुरी पडत असेल तर दोन भिंती करा, पण नव्यांना बाहेर ठेवू नका.