‘झाडं भुंगेऱ्यांनी मेली’ म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. लॉस एंजेलिसच्या धुरक्यातल्या ओझोन या विषारी वायूमुळे जवळच्या सॅन बर्नार्डिनो डोंगरातले पाँडेरोसा जातीचे पाइन खंगत गेले, या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंत: ‘ती झाडं दुष्काळाने आणि भुंगेऱ्यांनी मेली. ओझोन हे खूळ आहे. जरा अभ्यास करून लिहा.’ मतभेदाचं वाईट वाटलं नाही. शेवटच्या वाक्याचं वाटलं. पाइनच्या सुया, म्हणजे त्याची सुईसारखी पानं, भिंगाखाली तपासण्यात माझी बारा वर्षं गेली आहेत. हा शेरा मी निमूट गिळणार नाही.

एक चूक कबूल. ‘पाँडेरोसा पाइनची सुई पाच वर्षं टिकते’ असं मी सरसकट लिहिलं. उंची आणि पाण्याप्रमाणे हा आकडा बदलतो. दुरुस्ती करतो.

आता भुंगेरे. ते साल पोखरतात हे नाकारलंय कुणी? प्रश्न आहे तो, ते कोणतं झाड गाठतात याचा. ओझोन पर्णरंध्रांतून, म्हणजे पानावरच्या बारीक छिद्रांतून, सुईत शिरतो आणि आतल्या हरित पेशी मारतो. मग सुईवर फिकट पिवळे ठिपके उमटतात, कडा विरलेल्या, ओल्या कागदावर शाई फुटावी तशा. रस शोषणाऱ्या किडीच्या डागाचा काठ ठसठशीत असतो. ओझोनचे ठिपके जुन्या सुयांवर आधी येतात, कारण त्यांनी जास्त उन्हाळे ओझोन सोसलेला असतो. फांदीच्या शेंड्यापासून मागे मोजत या: यंदाच्या सुया हिरव्या, गेल्या वर्षीच्या डागाळलेल्या, त्यामागे नुसती काडी. सुया गळल्या की अन्न घटतं, अन्न घटलं की राळ घटते. आणि भुंगेऱ्याला भोकातून बाहेर ढकलायला झाडाकडे राळच तर असते.

दुष्काळाचं म्हणाल, तर पाण्याच्या ताणात पर्णरंध्रं मिटतात आणि ओझोन कमी आत जातो. म्हणजे तहानलेल्या झाडावर हे ठिपके उलट कमीच पडतात. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला संशोधक पॉल मिलर यांनी पाँडेरोसाच्या फांद्या बंदिस्त करून त्यांवर ओझोन सोडला, तेव्हा हेच ठिपके उमटले. तिथे ना दुष्काळ होता, ना भुंगेरा.



पुन्हा लिहाल तेव्हा त्या विरलेल्या कडांच्या ठिपक्यांचं दुसरं कारण सांगा, मी ऐकेन. ‘खूळ’ हा शब्द मात्र घरी ठेवून या.