मूळ मार्कशीट कपाटात ठेवून टीम होत नाही

2025 च्या मे महिन्यात सुप्रीम कोर्टाने विजया बँकेच्या केसमध्ये निकाल दिला की तीन वर्षं पूर्ण व्हायच्या आत नोकरी सोडली तर दोन लाख भरायचे ही अट कायद्यात बसते, आणि तेव्हापासून आमच्या फॅमिली ग्रुपवर, कॉलेजच्या ग्रुपवर, आणि बडोद्याच्या जीआयडीसीवाल्यांच्या (म्हणजे औद्योगिक वसाहतीतल्या कारखानदारांच्या) ज्या ग्रुपमध्ये माझ्या मामेभावाने मला कधीतरी अ‍ॅड केलं होतं तिथे, हा निकाल फिरून फिरून येतोय. दर वेळी खाली तेच. आजकालची पोरं टिकत नाहीत, शिकवलं की पळतात, बाँड लिहून घ्याच, मूळ मार्कशीट ठेवून घ्या, आता तर कोर्टानेच सांगितलंय.

केस दोन लाखांच्या अटीची होती, मार्कशीटची नव्हती. आणि ती सरकारी बँक होती, तिला जाहिरात देऊन खुल्या स्पर्धेतून माणूस घ्यावा लागतो, अधिकारी मधेच गेला की सगळी भरती पहिल्यापासून, आणि याच कारणाने कोर्टाला ती रक्कम जास्त वाटली नाही. बडोद्याच्या मकरपुऱ्यातला एखादा फॅब्रिकेशनवाला नुकत्याच डिप्लोमा झालेल्या मुलाकडून तीन वर्षं लिहून घेतो त्याला हे जसंच्या तसं कसं लागू होतं ते मला अजून कोणी समजावून सांगितलेलं नाही. (ती विजया बँक 2019 मध्ये आपल्याच बँक ऑफ बडोदामध्ये विलीन झाली, त्यामुळे बडोदेकरांना हा निकाल जरा जास्तच घरचा वाटत असावा.)

माझा मामेभाऊ मकरपुऱ्याला वॉल्व्हचं युनिट चालवतो. छोटं आहे पण माल चांगला आहे, हे मी बहीण म्हणून नाही, इथे नेदरलँड्समध्ये रोज वॉल्व्ह बघणारी म्हणून सांगते. त्याचं म्हणणं असं की सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर, मुलगा तयार करायला वर्ष जातं, टेस्ट बेंचवर भरवशाने उभा राहायला अजून सहा महिने, आणि तो हाताशी आला रे आला की बडोद्याजवळच्या सावली गावाची नाहीतर हालोलची मोठी कंपनी तीन-चार हजार जास्त देऊन उचलून नेते. "मी काय त्यांच्यासाठी ट्रेनिंग स्कूल उघडलंय का ताई?" हे दुखणं खरं आहे, त्याची ऑर्डर लेट होते, पेनल्टी बसते, आणि मामा रात्री झोपत नाहीत हे मला मामी सांगते. पण औषध चुकीचं आहे, आणि हे सांगितलं की पुढचं वाक्य ठरलेलं असतं, तू तिकडून बोलू नकोस, तू तर स्वतःच गेलीस.

गेले. पण बाँड पूर्ण करून गेले, म्हणून तर बोलते.

बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या (एमएसयू) कलाभवनातून केमिकल इंजिनिअरिंग करून बाहेर पडले आणि पहिल्याच नोकरीत माझं डिग्री सर्टिफिकेट एचआरच्या लोखंडी कपाटात गेलं. कंपनीचं नाव घेत नाही. त्या सगळ्या काळात माझ्या सिनिअरने मला एकदाही एकटीला पंपाचं इन्स्पेक्शन करू दिलं नाही, वेंडरशी बोलू दिलं नाही, शटडाउनच्या, म्हणजे दुरुस्तीसाठी प्लांट बंद ठेवायच्या, मीटिंगमध्ये माझं काम चहा आला का बघणं आणि मिनिट्स लिहिणं, कारण "ही बाँड संपला की जाणारच आहे". मला थांबवायला जो कागद केला त्या कागदामुळेच मला कोणी काही शिकवलं नाही. मी कॅलेंडर बघत होते, ते पण बघत होते. मुलगा शरीराने तिथे असतो, डोकं नोकरीडॉटकॉमवर असतं, आणि मालकाला वाटतं टीम आहे.

आता इथलं. माझ्याकडे रॉटरडॅम बंदरातल्या बोटलेकला मेंटेनन्स प्लॅनिंगची टीम आहे. नेदरलँड्समध्ये 1 ऑगस्ट 2022 पासून असं आहे की कामासाठी जे ट्रेनिंग देणं मालकाला बंधनकारक आहे ते फुकटच द्यायचं, कामाचे तास म्हणूनच धरायचं, आणि सोडून गेलास तर पैसे परत कर अशी अट लिहिली तरी ती रद्द. सोडून जाणाऱ्याची नोटिस साधारण एक महिन्याची. भाऊ म्हणाला, तुमच्याकडे कॉन्करन्सीबेडिंग, म्हणजे सोडल्यावर स्पर्धक कंपनीत जायचं नाही ही अट, असतंच की, मी वाचलंय. असतं, पण तो वेगळा विषय आहे, आत्ता तो नको.

मुद्दा हा की इथे मी टीम चालवते ती माणसं जाणार हे धरूनच. कुठलंही काम एकालाच येतं असं राहू द्यायचं नाही, दोघांना आलंच पाहिजे. नवा मुलगा आला की पहिल्याच आठवड्यात त्याला एक छोटं पण अख्खं काम द्यायचं, एका हीट एक्स्चेंजरचं प्लॅनिंग सुरुवातीपासून शेवटपर्यंत, त्याच्या नावावर, चुकलं तर मी बघेन पण नाव त्याचं. शिफ्टचा हँडओव्हर लॉगमध्ये लिहायचाच, आणि समोरासमोर पण द्यायचा, कारण लॉगमध्ये "पंप बी, आवाज" एवढंच येतं, तो आवाज कसा आहे ते तोंडानेच कळतं. आणि दर दोन आठवड्यांनी बिला, म्हणजे प्रत्येकाशी एकेकट्याने बोलणं, त्यात कामाचं स्टेटस विचारायचं नाही, त्यासाठी बोर्ड आहे. विचारायचं की काय अडतंय, कोणाशी पटत नाहीये, पुढे काय करायचंय. माझा सगळ्यात चांगला शटडाउन प्लॅनर अशाच एका बिलात म्हणाला की उन्हाळ्यानंतर तो जाणार. नोटिस एक महिन्याची, सांगितलं त्याने तीन महिने आधी. का सांगितलं? कारण सांगून त्याचं काही बिघडणार नव्हतं. त्या तीन महिन्यांत त्याने दुसऱ्याला तयार केलं आणि आमचं शटडाउन वेळेत संपलं. तेच बडोद्यात मुलगा इंटरव्ह्यूला जाताना आजीला अ‍ॅडमिट केलंय सांगतो, आणि एका सोमवारी फोन बंद. त्याला खोटं बोलायला कोणी शिकवलं? खरं बोलणाऱ्याचं काय होतं ते त्याने बघितलेलं असतं.

बाबा कोयलीच्या रिफायनरीत लागले ते रिटायर होईपर्यंत तिथेच. भाऊ हेच उदाहरण देतो, बघ, तेव्हा निष्ठा होती. मग मी बाबांनाच विचारलं. बाबा क्वार्टरचं बोलले, शाळेचं बोलले, पण सगळ्यात जास्त बोलले ते त्यांच्या पहिल्या फोरमनबद्दल, रात्रपाळीत काही बिघडलं तर तो स्वतः येऊन शेजारी उभा राहायचा आणि दुरुस्त होईपर्यंत ओरडायचा नाही. ओरडायचं ते सकाळी, केबिनमध्ये, दार लावून. बाबा त्या माणसासाठी थांबले होते.

आणि बडोदेकरांनी मला कराराचं कौतुक सांगावं याचा तर जास्तच राग येतो, कारण करारातली सगळ्यात मोठी गोष्ट आपल्याच शहरात घडलेली आहे. सयाजीराव महाराजांनी 1913 मध्ये डॉ. आंबेडकरांना स्कॉलरशिप देऊन कोलंबियाला पाठवलं. महिन्याला साडेअकरा पौंड, तीन वर्षं, आणि परत आल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानची नोकरी करायची असा लेखी करार. महाराजांची नियत साफ होती, माणूस ओळखला होता, पुढे मोठं पद द्यायचं मनात होतं. 1917 मध्ये आंबेडकर करार पाळायला आले. राहायला शहरात कोणी जागा दिली नाही, पारशी धर्मशाळेत दुसऱ्या नावाने राहावं लागलं, ऑफिसात शिपाई लांबून फाइली फेकायचे, प्यायला पाणी मिळायचं नाही, आणि शेवटी काठ्या घेतलेले लोक धर्मशाळेच्या दारात येऊन उभे राहिले. संध्याकाळपर्यंत जागा सोड म्हणाले. ओळखीच्यांकडे विचारलं, त्यांनी कारणं सांगितली. मग कमाटीबागेत झाडाखाली बसून गाडीची वाट बघितली आणि मुंबईला गेले. दहा वर्षांच्या करारातले थोडेच दिवस झाले होते.

हा जातीचा विषय आहे आणि त्याला एचआरचा विषय म्हणणं म्हणजे त्याची किंमत कमी करणं, हे मला कळतं, माझ्यासारख्या आडनावाच्या बाईने तर हे जपूनच बोलावं. तरी पण सांगते. वर राजा तुमच्या बाजूने असतो, कागद पक्का असतो, आणि तरी माणूस राहू शकत नाही, कारण तो राजाबरोबर काम करत नसतो, तो शेजारच्या टेबलाबरोबर काम करत असतो. जागा आणि पाणी शेजारचं टेबल देतं. आजही सावलीला नोकरी लागलेल्या मुलाला बडोद्यात खोली बघताना आडनाव विचारतात, डब्यात काय असतं विचारतात, आणि तो वर्षाच्या आत गेला की म्हणतात टिकत नाहीत. तुमच्या शॉप फ्लोअरवर नव्या मुलाला सुपरवायझर कुठल्या नावाने हाक मारतो ते एक दिवस उभं राहून ऐका, बाँडपेक्षा जास्त कळेल.

त्याच महाराजांचं दुसरं उदाहरण कोणी देत नाही. 1910 मध्ये त्यांनी अमेरिकेतून बॉर्डन नावाचा लायब्रेरियन आणला. तो इथे तीनच वर्षं होता. पण तेवढ्यात त्याने इथल्याच लोकांना लायब्ररीचं काम शिकवलं, संस्थानभर गावागावात लायब्रऱ्यांचं जाळं उभं करायला घेतलं, गावांना पुस्तकांच्या पेट्या जायला लागल्या, आणि तो गेल्यावर ते सगळं आपल्या माणसांनी पुढे वाढवलं. मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत मी परीक्षेच्या आधी बसायचे. तीन वर्षांत गेलेल्या माणसाचं काम इतकी वर्षं चालतं कारण तो शिकवून गेला.

आता भावाचा शेवटचा मुद्दा, जो मला लागला. तो म्हणाला, ताई, एमएसयूची तुझी फी किती होती? नावापुरती. बाकीचं कोणी भरलं? आम्हीच ना, इथे राहून टॅक्स भरणाऱ्यांनी. मग तुझ्याकडून बडोद्याने बाँड घेतला असता तर चुकलं असतं का?

याचं उत्तर मी लगेच दिलं नाही. दोन-तीन दिवस सायकलवरून जाता-येता तेच डोक्यात. घेतला असता तर मी सही केली असती, हे खरं आहे. मला कोणी मागितलाच नाही. नेदरलँड्समधल्या डेल्फ्टला निघाले तेव्हा बाबा म्हणाले जा, सर म्हणाले जा, रावपुऱ्यातले शेजारी पेढे घेऊन आले, एकानेही म्हटलं नाही की थांब, तुझं इथे काम आहे. म्हटलं असतं तरी मी थांबले नसते बहुतेक. पण कोणीतरी म्हणायला हवं होतं. आणि इथे तर कोणी कोणाला थांब म्हणतच नाही, जाणाऱ्याला केक, कार्डावर सगळ्यांच्या सह्या, बोरेलला (कामानंतर सगळे मिळून ड्रिंक घेतात त्याला) दोन वाक्यांचं भाषण, सोमवारी त्याची खुर्ची दुसऱ्याला. हा मोकळेपणा मला टीमसाठी हवा आहे, मी तो जपते, आणि स्वतःचा विचार केला की तोच टोचतो. उद्या मी गेले तर मला पण केक. इथला पासपोर्ट घ्यायचा तर भारताचा सोडावा लागतो. फॉर्म भरून ठेवलाय, पाठवलेला नाही, आणि कुठल्याच बाजूने कोणी धरून ठेवलेलं नाही तरी हात पुढे जात नाही.

म्हणून फीचं देणं मला मान्य आहे, भावाला मी तसं लिहिलंही. पण ते तीन वर्षं खुर्ची अडवून फिटत नाही, शिकवून फिटतं. जूनमध्ये त्याच्याकडे दोन नवे ट्रेनी येतायत. मी कळवलं की दर रविवारी तुझ्या घड्याळाने सकाळी साडेअकराला मी व्हिडिओवर येईन आणि दोघांना शिकवेन, पी अँड आयडी (प्लांटच्या पाइप आणि मीटरचा नकाशा) कसा वाचायचा, एपीआय 598 या वॉल्व्ह तपासायच्या स्टँडर्डमध्ये शेल टेस्ट दीडपट प्रेशरला का आणि सीटची 1.1 पट का, टेस्ट रिपोर्ट असा कसा लिहायचा की रॉटरडॅमला बसलेल्या माणसाला फोन करावा लागू नये. बदल्यात बाँड नाही. पहिल्या महिन्यापासून रिपोर्टवर त्यांचं नाव, तपासणाऱ्याचं खाली. आणि वर्षाने हालोलला गेले तर जाऊ दे, जायच्या आधी पुढच्या दोघांना बेंचवर उभं करून जायचं, एवढंच तोंडी ठरवायचं.

त्याचा मेसेज आला, बाँडचं बघतो ताई, पण एकाची तरी मार्कशीट ठेवू दे, मामा ऐकत नाहीयेत. मी लिहिलं, मामांशी मी बोलते, दोघांच्या परत कर आणि मग मला पहिल्या रविवारची तारीख पाठव.