ऑपरेशन रद्द होतं तेव्हा डॉक्टर लपून बसलेला नसतो

ठाण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. सरकारी आणि पालिकेच्या रुग्णालयांत ठरलेली ऑपरेशनं मुद्दाम रद्द करतात, ‘इमर्जन्सी आली’ हा बहाणा असतो, पेशंटनं कंटाळून प्रायव्हेटला जावं हाच डाव. आणि तसंही हर्निया, पित्ताशयाचे खडे थांबले म्हणून काही बिघडत नाही. मी ऑपरेशन थिएटरात सिस्टर म्हणून नोकरी केली आहे. हे वाचून गप्प बसवत नाही.

बहाण्याचं आधी बघू. सकाळी लिस्ट लागलेली असते, पहिल्या केसची ट्रॉली मांडून झालेली असते आणि लेबर रूममधून फोन येतो: बाळाचे ठोके कमी होताहेत, सीझर घ्यायचंय. ते उरकतं तोवर खाली कॅज्युअल्टीत लोकलमधून पडलेला कुणीतरी आलेला असतो. जून २०२५ मध्ये मुंब्र्याजवळ लोकलमधून प्रवासी पडले, ते सगळ्यांनी पाहिलंय. भूलतज्ज्ञ पेशंटला टेबलावर सोडून दुसरीकडे जाऊ शकत नाही. पोटात पू झालेली केस झाली की थिएटर स्वच्छ केल्याशिवाय पुढची घेता येत नाही. असं करत दुपारचे दोन वाजतात आणि लिस्टवरच्या शेवटच्या बाईंना सांगावं लागतं, “मावशी, आज होणार नाही, जेवून घ्या.” त्या रात्रीपासून उपाशी असतात.

वॉर्डात खाटा रिकाम्या दिसतात म्हणे. दिसत असतील, पण ऑपरेशनला भूलतज्ज्ञ, टेबल, रक्त आणि आयसीयूत जागा लागते. यातलं एक नसलं तरी केस पुढे जाते.

प्रायव्हेटला पाठवण्याचा डाव? असा एखादा डॉक्टर असेलही. त्याची नाव घालून लेखी तक्रार करा. पण सगळ्यांवर तो शिक्का मारला की खरं कारण सुटून जातं. शहापूर, मुरबाडपासून जव्हार, मोखाड्यापर्यंतचे पेशंट ठाण्यात येतात. त्यात २०२३ मध्ये सिव्हिल हॉस्पिटल नव्या इमारतीसाठी मनोरुग्णालयाच्या आवारात हलवलं आणि कळव्याच्या पालिका रुग्णालयावरचा ताण आणखी वाढला. त्याच ऑगस्टमध्ये ५०० खाटांच्या कळवा रुग्णालयात २४ तासांत १८ रुग्ण दगावले. तेव्हा चार दिवस ओरड झाली.

त्या मेसेजमधलं शेवटचं वाक्य मला सगळ्यात जास्त लागलं. ‘थांबलं म्हणून बिघडत नाही.’ हर्नियात आतडं अडकून त्याचा रक्तपुरवठा तुटला, तर तो माणूस रात्री दोनला तडफडत येतो आणि सकाळच्या लिस्टवरचं दुसऱ्या कुणाचं तरी ऑपरेशन रद्द होतं. पित्ताशयातला खडा सरकला तर कधीकधी स्वादुपिंडाला सूज येते, ती जीवावर बेतू शकते. मांडीचं हाड मोडलेली म्हातारी नुसती पडून राहिली तर पाठीला जखमा होतात, छातीत कफ भरतो. रोजंदारीवरचा माणूस तर दर तारखेला मजुरी बुडवून येतो.

तेव्हा भांडायचंच तर यासाठी भांडा: ठरलेल्या ऑपरेशनांना इमर्जन्सीपासून वेगळं टेबल आणि वेगळा भूलतज्ज्ञ द्या. रद्द झालेल्या पेशंटला लेखी कारण, नवी तारीख आणि पुढच्या लिस्टवर पहिला नंबर मिळू द्या. भूलतज्ज्ञांची हरकत नसेल तर भूल देण्याच्या दोन तास आधीपर्यंत साधं पाणी प्यायला द्या. आणि महिन्यात किती ऑपरेशनं रद्द झाली, कशामुळे, हे ठाणे आणि नवी मुंबई दोन्ही पालिकांनी रुग्णालयाच्या दारात फलकावर लावावं.