५०० रुपयांच्या व्हॉल्व्हने ५०० हॉर्सपॉवर मिळत नाही, इंजिन मात्र जातं

माझा भाचा शारजाला नोकरीला आहे. गेल्या वर्षी त्याने जुनी माझदा आरएक्स-सेव्हन घेतली, एफडी मॉडेल, रोटरी इंजिनाची, जुळ्या टर्बोची. टर्बो म्हणजे बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा. परवा घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणीतरी त्याच्यासाठी एक फॉरवर्ड टाकला आणि तासाभरात त्याचा मला फोन: "मामा, व्हॉल्व्ह मागवू काय?" तोच फॉरवर्ड दुसऱ्या दिवशी माझ्या फोंड्याच्या गॅरेजमधल्या पोरांच्या मोबाइलवरही दिसला. त्यात लिहिलंय ते थोडक्यात असं: रोटरी इंजिनात पिस्टनच नाहीत (त्यांच्या जागी तिकोनी रोटर फिरतो), म्हणून तुटायला काही नाही. ५०० रुपयांचा ब्लीड व्हॉल्व्ह लावून बूस्ट, म्हणजे टर्बोने कोंबलेल्या हवेचा दाब, १० वरून १८ पीएसआयवर न्या, ५०० हॉर्सपॉवर मिळतात. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा डबा) काढा, आणखी ५० फुकट. तेल जाळणारा पंप बंद करा. आणि पुरावा काय, तर "ले माँची शर्यत याच इंजिनाने जिंकली".

शर्यतीचं आधी उरकतो. जून १९९१ मध्ये ले माँ जिंकली ती माझदा ७८७बी. तिचं आर२६बी इंजिन चार रोटरचं, २.६ लिटरचं, सुमारे ७०० हॉर्सपॉवरचं, आणि त्याला टर्बो नव्हताच. आरएक्स-सेव्हनचं १३बी-आरईडब्ल्यू दोन रोटरचं. बिनटर्बोच्या इंजिनाचा विजय दाखवून टर्बोचं बूस्ट वाढवा म्हणणाऱ्याने ती गाडी कोणती होती एवढंही पाहिलेलं नाही.

आता व्हॉल्व्ह. टर्बोचा दाब ठरलेल्या मर्यादेला पोचला की वेस्टगेट नावाची झडप उघडते आणि एक्झॉस्टचा, म्हणजे जळालेल्या वायूचा, काही भाग टर्बोला वळसा घालून जातो. ब्लीड व्हॉल्व्ह काय करतो, तर वेस्टगेटला कळणारा दाब मध्येच थोडा गळू देतो. वेस्टगेटला वाटतं अजून मर्यादा आली नाही, ते उशिरा उघडतं आणि बूस्ट वाढतं. एवढंच. पेट्रोल वाढवणं, स्पार्क मागे घेणं, हवा थंड करणं, यातलं काहीही तो करत नाही.

तरीही धरून चालू की बूस्ट १८ झालं. वातावरणाचा दाब १४.७ पीएसआय. म्हणजे आधी इंजिनात जाणारी हवा २४.७ च्या दाबाची होती, आता ३२.७ च्या. वाढ एक तृतीयांशाच्या आसपास. सुरुवातीच्या एफडीला कंपनीने २५५ हॉर्सपॉवर सांगितले होते. त्यात एक तृतीयांश मिळवा, ३४० होतात. तेही कागदावर, कारण ते लहान टर्बो १८ पीएसआयला हवा दाबताना तिला जबर तापवतात, आणि बाहेर शारजाचा उन्हाळा ४५ अंशांचा. मग हे ५०० आणले कुठून?

पेट्रोलकडून मोजलं तरी उत्तर तेच येतं. टर्बो रोटरीला पूर्ण जोरावर एका हॉर्सपॉवरमागे तासाला साधारण २७० ग्रॅम पेट्रोल लागतं. ५०० हॉर्सपॉवरला १३५ किलो, म्हणजे मिनिटाला तीन लिटरहून थोडं जास्त. एफडीला कंपनीचे इंजेक्टर, म्हणजे पेट्रोल फवारणारी तोंडं, चार: दोन ५५० सीसीचे, दोन ८५० सीसीचे. चारही सताड उघडे ठेवले तरी मिनिटाला २,८०० सीसी. भरवशाने त्यातलं ८५ टक्केच वापरता येतं, आणि तेवढ्यात ३८५ ते ३९० च्या पुढे जाता येत नाही. हवा भरपूर आणि पेट्रोल कमी, याचा अर्थ लीन मिश्रण, आणि बूस्टखाली लीन म्हणजे नॉकिंग, मिश्रण नको त्या वेळी आपोआप भडकून बसणारे हादरे. कंपनीच्या ईसीयूला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला, हे ठाऊक आहे, म्हणून बूस्ट हाताबाहेर गेलं की तो पेट्रोल तोडतो. फॉरवर्डमध्ये सल्ला आहे की "फ्युएल कट बायपास करा". गाडीला वाचवणारी शेवटची गोष्ट काढून टाका असं सांगणाऱ्या माणसाचा मला मनापासून राग येतो.

"तुटायला काही नाही" हे तर सगळ्यात वाईट. रोटरच्या तिन्ही टोकांना एकेक एपेक्स सील असते. ८० मिलिमीटर लांब आणि जेमतेम २ मिलिमीटर जाड पट्टी, दाब गळू न देणारी. शारजाला गेलो होतो तेव्हा भाच्याने मला एका गॅरेजमध्ये नेलं, तिथे असंच एक १३बी उघडून ठेवलं होतं. एका सीलचा कोपरा गेलेला. हाउसिंगच्या, म्हणजे रोटर ज्यात फिरतो त्या कवचाच्या, आतल्या क्रोमवर नख फिरवलं तर नख अडकत होतं, इतकी खोल चर. तुटलेला तुकडा आत थांबत नाही. रोटरीत एक्झॉस्ट व्हॉल्व्ह नसतात, त्यामुळे तो एक्झॉस्टच्या उघड्या छिद्रातून सरळ टर्बोत जातो. त्या गाडीच्या टर्बाइनची पाती कडेने कुरतडल्यासारखी झाली होती. एका जोरदार नॉकमध्ये सील, हाउसिंग आणि टर्बो, तिन्ही गेले. पिस्टनच्या इंजिनाला थोडं नॉकिंग झालं तर ते बरेचदा सोसतं. चोर्ला घाट चढताना खडखडणाऱ्या कितीतरी गाड्या माझ्याकडे येतात आणि दुरुस्त होऊन जातात. रोटरी तेवढी सवड देत नाही.

कॅटॅलिटिक कन्व्हर्टरबद्दल अर्धं खरं आहे, ते मान्य करावं लागेल. एफडीचा टर्बोला लागून असलेला पहिला छोटा कन्व्हर्टर, प्री-कॅट, खरोखरच एक्झॉस्ट अडवतो आणि बॉनेटखाली उष्णता साठवतो. तो काढल्याने गाडी मोकळी होते. पण अख्खी लाइन मोकळी केली की कंपनीचं लहान वेस्टगेट पुरत नाही आणि व्हॉल्व्ह न लावताही बूस्ट आपोआप चढतं. म्हणून आधी ईसीयू आणि मग एक्झॉस्ट, हा क्रम. प्रदूषणाचा कायदा वेगळाच. आपल्याकडे तर गाडीत फेरफार करण्यावर बंधन घालणारं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, तेव्हा इथल्या पोरांनी आपल्या टर्बो पेट्रोल गाड्यांवर हे करण्याचं मनातही आणू नये.

तेलाच्या पंपाचंही तसंच. रोटरी तेल जाळते हा बिघाड नाही. सील कोरडी पडू नये म्हणून कंपनीनेच थोडं इंजिन ऑइल आत सोडायची सोय केली आहे. काही जाणकार तो पंप बंद करतात हे खरं, पण ते प्रत्येक टाकीला मोजून टू-स्ट्रोक ऑइल पेट्रोलमध्ये मिसळतात. फॉरवर्डमध्ये हे वाक्यच नाही. नुसता पंप बंद करून चालवलेली गाडी स्वतःची सील स्वतःच घासून काढते.

भाच्याला मी सांगितलंय: कूलंटची ती प्लास्टिकची छोटी एअर सेपरेटर टाकी आधी बदल, ती तडकते. डॅशबोर्डवरच्या तापमानाच्या काट्यावर जाऊ नकोस, इंजिन बरंच तापेपर्यंत तो मधेच उभा राहतो. वेगळा गेज लाव. मग पेट्रोलचा पंप, इंजेक्टर, ट्यून करता येणारा ईसीयू, डायनो (ताकद मोजायचं यंत्र). बूस्टला हात सगळ्यात शेवटी.

आणि ज्यांनी हे वाचण्याआधीच व्हॉल्व्ह लावला असेल किंवा तेलाचा पंप बंद केला असेल, त्यांनी गाडी पुन्हा पळवण्याआधी कॉम्प्रेशन, म्हणजे इंजिन हवा किती दाबतं ते, तपासून घ्यावं. साधा गेज नुसता लावला तर रोटरच्या तीन बाजूंपैकी सगळ्यात चांगलीचा आकडा दाखवून थांबतो. त्यातला एकतर्फी व्हॉल्व्ह काढा, स्टार्टर फिरवा आणि काटा बघा. तो लागोपाठ तीनदा उडतो. तिन्ही उड्या सारख्या हव्यात. एक जरी तोकडी असली, तरी इंजिन उतरवून सील बघावी लागेल.